‘अन्नसुरक्षा’ या संज्ञेची चिकित्सा : व्यापारधोरणाच्या संदर्भात

(१)

मराठीत ‘अन्नसुरक्षा’ हा सामासिक शब्द दोन केंद्रीय अधिनियमांच्या नावांत आढळतो, आणि दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ एक नाही. २००६चा ‘अन्नसुरक्षा व मानके अधिनियम’ भेसळ, विषारी द्रव्ये आणि अस्वच्छता यांपासून ग्राहकाचे रक्षण व्हावे म्हणून करण्यात आला. २०१३चा ‘राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम’ ग्रामीण लोकसंख्येपैकी ७५ टक्क्यांपर्यंत व नागरी लोकसंख्येपैकी ५० टक्क्यांपर्यंत लोकांना सवलतीच्या दराने धान्य मिळण्याचा हक्क देतो. इंग्रजीत या दोन कल्पनांसाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत. मराठीने, हिंदीप्रमाणेच, दोहोंसाठी एकच शब्द योजला.

व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर एकाच तत्पुरुष समासाचे हे दोन विग्रह होत. पहिल्या अधिनियमात अभिप्रेत असलेली सुरक्षा ही ‘अन्नापासून सुरक्षा’ होय, म्हणजे दूषित अन्नापासून खाणाऱ्याचे रक्षण. येथे पंचमी मानावी लागते. दुसऱ्या अधिनियमात ‘अन्नाने सुरक्षा’ अभिप्रेत आहे, म्हणजे अन्न मिळण्याची शाश्वती असल्याने माणसास लाभणारी निर्भयता. येथे तृतीया मानणे प्राप्त होते. दोन्ही विग्रहांत ज्याचे रक्षण व्हावयाचे तो माणूस आहे, अन्न नव्हे. म्हणून एवढ्यावरच हा प्रश्न संपता तर तो कोशकारांपुरता राहिला असता. संदर्भाने अर्थ लागतो, आणि भाषेत असे द्व्यर्थी शब्द पुष्कळ असतात.

परंतु या समासाचा तिसराही विग्रह संभवतो, आणि मराठी वाचकाच्या मनात तोच प्रथम उभा राहतो. तो म्हणजे षष्ठीचा, ‘अन्नाची सुरक्षा’. येथे रक्षण होते ते धान्याचे, माणसाचे नव्हे. कोठार भरलेले असावे, त्यावर पहारा असावा, ते सीमेबाहेर जाऊ नये, एवढाच या अर्थाचा आवाका आहे. कोणत्याही अधिनियमाने हा विग्रह स्वीकारलेला नाही. तथापि व्यापारविषयक आदेशांचे वाचन केले असता बहुतेक ठिकाणी तोच गृहीत धरलेला दिसतो. निर्यातीवरील बंदी, किमान निर्यातमूल्य, अकस्मात वाढविलेले अथवा माफ केलेले आयातशुल्क या सर्वांचे समर्थन ‘अन्नसुरक्षा’ या शब्दाने करण्यात येते. ते करताना रक्षण कोणाचे, कोणापासून व किती काळासाठी, हे तीन प्रश्न मात्र अनुत्तरित राहतात.

(२)

संज्ञेचा इतिहास पाहिला असता तिचा प्रवास धान्याकडून माणसाकडे झालेला आहे. १९७४च्या नोव्हेंबरात रोम येथे जागतिक अन्नपरिषद भरली. त्यापूर्वीच्या दोन वर्षांत धान्याच्या जागतिक किमती झपाट्याने चढल्या होत्या. त्यामुळे परिषदेने केलेल्या व्याख्येत भर होता तो जगातील पुरवठ्यावर आणि किमतींतील चढउतार आवरण्यावर. खाणारा माणूस त्या व्याख्येत गृहीत होता, उच्चारलेला नव्हता. १९८१ साली अमर्त्य सेन यांचा दारिद्र्य व दुष्काळ यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९४३ साली बंगालमधील धान्याचा पुरवठा १९४१ सालापेक्षा कमी नव्हता, आणि तरीही लक्षावधी माणसे मेली, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. धान्य होते; ते मिळविण्याची ऐपत मजूर, कोळी आणि कारागीर यांच्यापाशी उरली नव्हती. या विवेचनानंतर संज्ञेचा आशय बदलणे अपरिहार्य होते. १९९६च्या रोम शिखरपरिषदेने जी व्याख्या मान्य केली तिचा कर्ता ‘सर्व माणसे’ हा असून तिच्यात सर्वकाळ, प्रत्यक्ष व आर्थिक प्राप्यता, पुरेसेपणा आणि पौष्टिकता ही चारही अंगे आलेली आहेत.

व्याख्या अशा रीतीने तृतीयेपर्यंत पोचली. आदेश मात्र षष्ठीपाशीच थांबले, आणि याचे एक कारण ‘सुरक्षा’ या पदातच आहे. मूळ लॅटिन शब्द ‘सेक्युरस’ हा ‘काळजीविरहित’ या अर्थाचा आहे. तो माणसाची एक अवस्था सांगतो. ‘रक्ष्’ या धातूने मात्र क्रिया सांगितली जाते. तिला रक्षक लागतो, रक्षणीय वस्तू लागते, आणि ज्यापासून राखावयाचे तो शत्रूही लागतो. अवस्थावाचक शब्दाचे भाषांतर क्रियावाचक शब्दाने झाले, की निश्चिंततेच्या जागी पहारेकरी येतो. धान्य ही रक्षणीय वस्तू ठरली म्हणजे शत्रूच्या जागी कोणास तरी बसवावे लागते. व्यापारधोरणात ती जागा कधी परदेशी ग्राहकाच्या वाट्यास येते, कधी साठा करणाऱ्या व्यापाऱ्याच्या, आणि पुष्कळदा चार पैसे अधिक मिळावेत म्हणून माल रोखून धरणाऱ्या उत्पादकाच्या.

(३)

याचा अर्थ निर्यातबंदी ही केवळ अविचाराची निष्पत्ती आहे, असा नव्हे. तिच्यामागे एक कटू अनुभव आहे. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर व मद्रास इलाख्यावर दुष्काळ कोसळला असता लिटनच्या सरकारने धान्याच्या व्यापारात हात घालण्याचे नाकारले. माणसे अन्नावाचून मरत असता हिंदुस्थानातून गव्हाची निर्यात चालूच राहिली. तेथे ‘मुक्त व्यापार’ या तत्त्वाची पूजा झाली. मुक्त कोण झाले, हा प्रश्न तत्त्वाच्या उपासकांनी विचारला नाही. मराठीत ‘मुक्त’ या विशेषणाभोवती मोक्षकल्पनेचे वलय असल्याने तो प्रश्न विचारणे आजही काहीसे अवघड जाते. म्हणून ‘सुरक्षा’ या शब्दाची चिकित्सा करताना ‘मुक्त’ हा शब्द चिकित्सेबाहेर ठेवणे न्याय्य होणार नाही.

१ जानेवारी १९९५ रोजी अमलात आलेला जागतिक व्यापार संघटनेचा कृषिकरार याच दृष्टीने वाचावयास हवा. या करारात देशांतर्गत साहाय्याची वर्गवारी रंगीत पेट्यांच्या रूपकाने ओळखली जाते : हिरवी पेटी, तृणमणी रंगाची पेटी आणि निळी पेटी. रूपक रस्त्यावरील दिव्यांचे आहे. हिरव्याने जावे, पिवळ्याने सावकाश व्हावे; लाल पेटी शेतीपुरती ठेवलेलीच नाही. रूपकाचा धर्म असा की, ते ज्या अनुभवातून येते त्याचे मोजमापही ते बरोबर आणते. दिव्यांचे काम रहदारी सुरळीत ठेवणे हे आहे. रस्त्यावरून कोण चालला आहे व त्याच्या पोटात काय आहे, हे दिवा पाहत नाही. त्याचप्रमाणे एखादे साहाय्य व्यापाराच्या ओघास किती वाकविते, एवढेच या वर्गवारीने पाहिले जाते. ते किती जणांस खाऊ घालते, हा प्रश्न गौण ठरतो.

सरकारी धान्यसाठ्यांच्या बाबतीत ही विसंगती अधिक तीव्र होते. साठा करणे हिरव्या पेटीत बसते. परंतु तो सरकारने ठरविलेल्या भावाने खरेदी केला असेल, तर त्या भावातील व १९८६ ते १९८८ या वर्षांतील संदर्भमूल्यातील अंतर मर्यादित साहाय्यात धरले जाते, आणि विकसनशील देशांस ही मर्यादा त्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्के इतकी आहे. म्हणजे आजचा भाव गोठविलेल्या भूतकाळाशी ताडून पाहिला जातो. बाली येथील २०१३च्या परिषदेत यावर तात्पुरती तडजोड झाली व कायमचा तोडगा शोधण्याचे ठरले. २०२४च्या अबू धाबी परिषदेतही तो निघाला नाही.

निर्यातबंदीसंबंधी मात्र हेच करार अतिशय सैल भाषा वापरतात. १९४७च्या व्यापारविषयक सामान्य कराराने अन्नपदार्थांची गंभीर टंचाई टाळण्यासाठी अथवा दूर करण्यासाठी तात्पुरती बंदी घालण्यास मुभा ठेवली. ‘गंभीर’ केव्हा म्हणावे आणि ‘तात्पुरते’ म्हणजे किती दिवस, हे मजकुरात सांगितलेले नाही. कृषिकराराच्या बाराव्या कलमाने अशी बंदी घालणाऱ्यावर आयातदार देशांच्या अन्नसुरक्षेचा योग्य तो विचार करण्याचे आणि आगाऊ सूचना देण्याचे बंधन घातले. पण त्या जिनसाचे निव्वळ निर्यातदार नसलेल्या विकसनशील देशांना त्यातून वगळले. ‘विचार करावा’ हे क्रियापद असे आहे की ते पाळले गेले अथवा मोडले गेले, हे कोणास सिद्ध करता येत नाही. साहाय्याचे मोजमाप टक्क्यांत आणि बंदीचे मोजमाप विशेषणांत, अशी ही रचना आहे.

(४)

या सैल भाषेचा परिणाम प्रत्यक्षात कसा होतो हे पाहण्यास नाशिक जिल्ह्यातील कांद्याइतके बोलके उदाहरण नाही. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविण्यात आले. ऑक्टोबरच्या अखेरीस दर टनास ८०० डॉलर हे किमान निर्यातमूल्य ठरले. ८ डिसेंबरपासून निर्यातीस पूर्ण बंदी झाली, आणि तिची मुदत ३१ मार्च २०२४ अशी जाहीर करण्यात आली. मुदत संपण्यापूर्वीच, मार्चच्या चौथ्या आठवड्यात, त्या तारखेच्या जागी ‘पुढील आदेशापर्यंत’ हे शब्द आले. ४ मे रोजी ५५० डॉलर किमान मूल्य व ४० टक्के शुल्क ठेवून बंदी उठली. १३ सप्टेंबरला किमान मूल्य रद्द होऊन शुल्क २० टक्क्यांवर आले. आणि १ एप्रिल २०२५पासून तेही गेले. वीस महिन्यांत सात वेळा नियम बदलला.

हा क्रम पिकाच्या क्रमाशी ताडून पाहावा. उन्हाळ कांद्याचे रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतात, लागण डिसेंबर-जानेवारीत होते, काढणी मार्चपासून सुरू होते, आणि चाळीत भरलेला माल पावसाळाभर थोडाथोडा बाजारात येतो. बंदी आली ती नेमकी लागणीच्या तोंडावर. शेतकऱ्याने ३१ मार्च ही तारीख वाचून लागण केली असेल, तर त्याचा हिशेब चुकला असे म्हणता येणार नाही. कारण त्या तारखेनंतर त्याचा माल निघावयाचा होता. माल निघू लागला तेव्हा तारीख नाहीशी झालेली होती. ‘३१ मार्चपर्यंत’ या शब्दप्रयोगाने भविष्यकाळाची एक सीमा दिली होती. ‘पुढील आदेशापर्यंत’ या शब्दप्रयोगाने ती काढून घेतली. चाळीतील कांदा मात्र आदेशाची वाट पाहत थांबत नाही. तो सडतो, कोंब धरतो, वजनात घटतो. लासलगावच्या बाजारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरमागे ही घट असते, आणि तिची भरपाई कोणत्याही अधिसूचनेत नसते.

शहरातील ग्राहकाचा पक्ष येथे दुर्लक्षून चालणार नाही. हातावर पोट असलेल्या कुटुंबात भाकरीबरोबर कांदा हेच कोरड्यास असते, आणि त्याचा भाव दुप्पट झाला तर ते ताटातून जाते. परंतु त्या कुटुंबास दरवर्षी ऑगस्टनंतर तीच महागाई भोगावी लागत असेल, तर बंदीने त्याचीही निश्चिंतता साधलेली नाही. २०१९च्या सप्टेंबरात बंदी झाली, २०२०च्या सप्टेंबरात पुन्हा झाली, आणि २०२३ साली पुन्हा. दार लावण्याची ही पुनरावृत्तीच सांगते की, घरात काहीतरी साठविण्याचे राहून जात आहे.

सीमेपलीकडेही याच शब्दाचे पडसाद उमटतात. २० जुलै २०२३ रोजी बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद करण्यात आली. ती २८ सप्टेंबर २०२४ रोजी पुन्हा खुली झाली. जगातील तांदळाच्या व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के असल्याने पुढच्याच महिन्यात जागतिक भाव पंधरा वर्षांतील उच्चांकावर गेले. काही देशांना सरकारी मार्गाने मर्यादित माल देण्यात आला, हे खरे. पण मागावयास आलेल्यास देणे निराळे आणि ठरलेल्या भावाने विकणे निराळे. एका देशाची ‘अन्नाची सुरक्षा’ ही दुसऱ्या देशाची ‘अन्नाविषयीची चिंता’ होते. २०२२च्या जिनीव्हा परिषदेत जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मानवतावादी खरेदीला निर्यातनिर्बंधांतून वगळण्याचा निर्णय झाला, तो या जाणिवेतूनच.

(५)

या संज्ञेला मराठीत पर्यायच नव्हता काय? कृषिजीवनाच्या बोलीत तो पूर्वीपासून आहे. ‘पावसाळ्याची बेगमी’, ‘वर्षाची बेगमी’ हे प्रयोग सर्वांच्या परिचयाचे आहेत. ‘बेगमी’ या शब्दात फार्सी ‘बे’, म्हणजे रहित, आणि ‘गम’, म्हणजे दुःख अथवा काळजी, हे घटक दिसतात. ‘सेक्युरस’ या लॅटिन शब्दाची रचनाही नेमकी अशीच आहे. दोन दूरच्या भाषांनी एकच कल्पना एकाच पद्धतीने घडविली, आणि मराठीने ती स्वीकारून तिला धान्याच्या साठ्याशी जोडली. परिभाषा करताना मात्र या शब्दाचे स्मरण झाले नाही. तो घरगुती वाटला असावा.

‘बेगमी’ या शब्दाचा प्रयोग पाहिला की त्याच्या चार अटी लक्षात येतात. बेगमी नेहमी कोणाची तरी असते. घरातील माणसे मोजल्यावाचून ती करता येत नाही. ती कशाची तरी असते. नुसते धान्य पुरत नाही, डाळ, मीठ, मिरची, सरपण हेही धरावे लागते. ती आधी केली जाते. पाऊस सुरू झाल्यावर केलेली धावपळ ही बेगमी नव्हे. आणि ती अमुक काळापर्यंतची असते. पुढची सुगी ही तिची मर्यादा होय. पेव असो की कणगी, तिच्यातील धान्य शेजाऱ्यावर पहारा ठेवून वाढत नाही. ते सुगीत भरावे लागते.

व्यापारधोरणास याच चार अटी लावून पाहता काय करावयास हवे ते बऱ्याच अंशी स्पष्ट होते. शुल्क कोणत्या भावास किती लागेल, याची पायरी पेरणीपूर्वी जाहीर असावी, म्हणजे बदल झाला तरी तो अपेक्षित राहील. या दिशेचा एक प्रयत्न २०२०च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यातील दुरुस्तीत होता. भाजीपाला व फळे यांच्या किरकोळ भावात १०० टक्के आणि नाशवंत नसलेल्या जिनसांच्या भावात ५० टक्के वाढ झाल्याखेरीज साठ्यावर मर्यादा घालू नये, असे तीत म्हटले होते. ती दुरुस्ती इतर दोन कृषिकायद्यांबरोबर २०२१ साली रद्द झाली. त्या कायद्यांविषयीचे मतभेद बाजूस ठेवले तरी, विशेषणाच्या जागी अंक घालण्याची ही कल्पना टाकून देण्यासारखी नव्हती. निर्बंध घालणे अटळच झाले, तर त्याची अखेरची तारीख आदेशात असावी आणि ती पाळली जावी. साठा सुगीत, म्हणजे भाव पडलेले असताना, भरला जावा व चढत्या भावात सोडला जावा. केंद्राच्या भावस्थिरीकरण निधीतून होणारी कांद्याची खरेदी याच तत्त्वावर आहे, आणि तिचा विस्तार बंदीपेक्षा अधिक उपकारक ठरेल. नियमितपणे माल घेणाऱ्या शेजारी देशांस टंचाईतही ठराविक वाटा मिळेल, असे करार आधीच असावेत.

(६)

‘बेगमी’ या शब्दाने एक गोष्ट मात्र सुटते, आणि ती म्हणजे जमीन. एका सुगीपासून दुसऱ्या सुगीपर्यंत पुरणे हा तिचा पल्ला आहे. दहाव्या सुगीचा विचार तिच्यात नाही. तो विचार व्यक्त करण्यासाठी १९८७च्या ब्रुंटलँड अहवालानंतर ‘शाश्वत विकास’ हा शब्द रूढ झाला. ‘शाश्वत’ हे विशेषण मराठीत ब्रह्म, सत्य, धर्म यांना लागत आले आहे. जे काळाच्या पलीकडे आहे ते शाश्वत. जमिनीचा कस आणि विहिरीचे पाणी या गोष्टी तशा नाहीत. त्या झिजतात आणि जपल्या तर भरून येतात. जे झिजते त्यास शाश्वत म्हणू लागलो की जपण्याची जबाबदारी नजरेआड होते.

येथेही शेतकऱ्याच्या बोलीने नेमका शब्द ठेवलेला आहे, तो म्हणजे ‘बेवड’. आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण म्हणजे बेवड. हरभरा, तूर, मूग यांचा बेवड पुढच्या पिकास मानवतो, कारण द्विदल पिके हवेतील नत्र जमिनीत आणतात. एक पीक दुसऱ्याचे देणे लागते, ही कल्पना या शब्दात आहे. आता आयातधोरण पाहावे. २०२१च्या मे महिन्यापासून तुरीची आयात निर्बंधरहित करण्यात आली आणि ती सवलत वेळोवेळी वाढत गेली. शहरातील वरणाचा विचार करता ती समजण्यासारखी आहे. परंतु मराठवाड्यातील व विदर्भातील शेतकऱ्यास तुरीचा भाव हमीभावाखाली जाण्याची धास्ती आणि उसास मात्र कायद्याने ठरलेला भाव, असे चित्र असेल, तर तो पाणी असेपर्यंत उसाकडेच वळेल. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, त्या प्रदेशातही ऊस उभा होता. पंजाबात भातासाठी होणारा उपसा आवरण्यास २००९ साली कायदा करून लावणीची तारीख ठरवावी लागली. तांदूळ व साखर परदेशी जातात तेव्हा त्यांच्याबरोबर हे पाणीही जाते. त्याची नोंद कोणत्याही जकातनाक्यावर होत नाही.

म्हणून आयातशुल्काची पातळी ही बेवडाचीही पातळी असते. डाळी व तेलबिया यांचे आयातशुल्क हमीभावाशी निगडित ठेवले, तर आयात झालेला माल हमीभावाखाली बाजारात येणार नाही, आणि कोरडवाहू जमिनीत द्विदल पीक टिकेल. भाव फार चढले तर शुल्क उतरावे, हेही त्याच सूत्रात बसते. व्यापारधोरण अन्नाला आणि जमिनीला साहाय्यभूत होऊ शकते ते असे. दार सदैव उघडे ठेवल्याने ते साधत नाही, सदैव लावल्यानेही नाही. ते केव्हा, किती आणि कोठवर उघडेल, हे दाराबाहेरच्यास व आतल्यास आधी ठाऊक असल्याने साधते.

(७)

शब्द बदलल्याने धोरण बदलत नाही, असा आक्षेप या विवेचनावर घेता येईल. तो अर्धा खरा आहे. ‘अन्नसुरक्षा’ हा शब्द कायद्यांत रुजलेला असून तो काढून ‘बेगमी’ घालावा, असे सुचविण्यात अर्थ नाही. पण आदेश हाही एक मजकूर आहे. त्यात कर्ता, कर्म आणि काळ असावे लागतात, आणि ते नसतील तर वाचणाऱ्यास ते विचारण्याचा अधिकार आहे. कोणाची सुरक्षा, कशाने आणि कोठवर, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या अधिसूचनेत सापडतील ती अन्नाने सुरक्षा देणारी, आणि जीत सापडणार नाहीत ती केवळ अन्नावर पहारा ठेवणारी, अशी कसोटी लावता येईल. भाषाभ्यासकास एवढेच सांगता येते. डिसेंबरात लागण करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ‘३१ मार्चपर्यंत’ आणि ‘पुढील आदेशापर्यंत’ यांतील अंतर हे शब्दांचे अंतर नसते. त्याच्या वर्षाच्या बेगमीचे असते.